गुडघा बदलल्यानंतर पुन्हा फवारणीचा ड्रोन हाती घेताना

विदर्भातल्या वावरांवर फवारणीचे ड्रोन दिसू लागले त्याला आता काही हंगाम झाले, आणि ते उडवणारे सगळेच विशी-पंचविशीतले नाहीत. बचतगटामार्फत प्रशिक्षणाला गेलेल्या पन्नाशीच्या ताई त्यात आहेत, सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले आहेत, आणि गुडघे कुरकुरू लागल्यामुळे पाठीवरचा पंप खाली ठेवून मुद्दाम या कामाकडे वळलेले कास्तकारही आहेत. उकिडवे बसून निंदण आणि वाकून कापूसवेचणी करण्यात ज्यांची तीस-चाळीस वर्षे गेली, त्यांचे गुडघे झिजले तर नवल नाही. ज्यांचा गुडघा बदलून झाला आहे किंवा बदलायचा ठरला आहे आणि ज्यांना पुन्हा ड्रोन उडवायचा आहे, अशांसाठी हा लेख आहे. खुबा किंवा खांदा बदललेल्यांसाठी वेगळ्या सूचना शेवटाकडे दिल्या आहेत.

‘ड्रोन तर दोन अंगठ्यांनी उडतो, त्यात गुडघ्याचे काय काम?’ असे घरचे लोक हमखास विचारतात. उडवण्यापुरते ते खरे आहे. पण फवारणीच्या दिवसात प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ थोडाच असतो. दहा लिटरची टाकी सात-आठ मिनिटांत रिकामी होते. बाकीचा सगळा वेळ पांदण रस्त्याने वावरापर्यंत जाण्यात, यंत्र उतरवण्यात, धुऱ्याने म्हणजे बांधावरून फिरण्यात, बॅटऱ्या बदलण्यात, पाणी आणण्यात आणि औषध कालवण्यात जातो, आणि ही सगळी कामे पायांची आहेत. म्हणून ‘मला पुन्हा उडवता येईल का’ यापेक्षा ‘दिवसभरातले कोणते काम मी करायचे आणि कोणते सहायकाने’ हा प्रश्न आधी सोडवावा. पुढच्या बहुतेक सूचना या वाटणीबद्दलच आहेत.

नियम काय सांगतो

प्रवासी विमानाच्या वैमानिकाचा सांधा बदलला, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, वैद्यकीय तपासणीत पुन्हा पात्र ठरेपर्यंत त्याला विमान चालवता येत नाही. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर उड्डाण शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही वैद्यकीय प्रमाणपत्राची शिस्त पाळावीच लागते. ड्रोनचे तसे नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळवण्यासाठी वय १८ ते ६५ असावे, दहावी उत्तीर्ण असावे आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, एवढ्याच अटी आहेत. एकदा मिळालेले प्रमाणपत्र दहा वर्षे चालते आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने ते रद्द होत नाही.

याचा अर्थ असा की तुम्ही तयार आहात की नाही हे कोणी विचारायला येणार नाही, त्यामुळे ते ठरवण्याची जबाबदारी सर्वस्वी तुमच्यावर येते. विमानाच्या वैमानिकांसाठी जे तत्त्व वापरतात ते येथेही उपयोगी आहे: सांध्यात हाड आहे की धातू, याला महत्त्व नाही, कामाला लागणारी हालचाल त्या सांध्याने पुरेपूर आणि वेळेवर होते की नाही, याला आहे. एक्स-रे उत्तम दिसत असला, तरी घाईने चार पावले मागे सरकता येत नसेल तर तो माणूस अजून ड्रोन उडवण्यास योग्य झालेला नाही.

डॉक्टरांना काम नीट समजावून सांगावे

शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत ‘मी ड्रोन उडवतो’ एवढेच सांगू नये. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या मांडवावर फिरणारा मुठीएवढा ड्रोन येतो आणि ते ‘महिनाभरात सुरू करा’ म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी सांगावे की भरलेल्या टाकीसह यंत्राचे वजन पंचवीस किलोच्या आसपास असते, ते गाडीतून दोघांनी धरून उतरवावे लागते, बॅटरी बदलण्यासाठी दर दहा मिनिटांनी खाली वाकावे लागते, जमीन सपाट नसते, पावसाळ्यात ढोपरभर चिखल असतो आणि अंगावर संरक्षक कपडे चढवून तीन-चार तास उभे राहावे लागते. शक्य असल्यास फवारणी चालू असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवावा. तो दहा वाक्यांपेक्षा अधिक काम करतो. त्यानंतर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: किती वजन केव्हापासून उचलायचे, दुचाकी केव्हापासून चालवायची, आणि असमान जमिनीवर काठीशिवाय केव्हा चालायचे.

मधुमेह असेल तर तोही याच भेटीत सांगावा, कारण साखर आटोक्यात नसताना जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेची तारीख पिकाच्या हिशेबाने निवडावी

तारीख निवडण्याची मोकळीक असेल तर तूर आणि हरभऱ्याची फवारणी आटोपल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत शस्त्रक्रिया करून घेणे आपल्या भागात सर्वांत सोयीचे पडते. पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि सोयाबीन यांवरची फवारणी जुलैत जोर धरते, त्यामुळे मध्ये पाच महिने मिळतात. साधारण क्रम असा असतो की पहिल्या एक-दोन दिवसांतच वॉकर धरून चालवतात, टाके दोन आठवड्यांच्या सुमारास काढतात, वॉकर सुटून काठी येते, सहा आठवड्यांच्या आसपास बहुतेकांना घरात काठीशिवाय चालता येते, तीन महिन्यांनी रोजची कामे सुरळीत होतात, आणि सूज व ताठरपणा पूर्ण जायला सहा महिने ते वर्ष लागते. हे आकडे सर्वसाधारण आहेत. शेजारच्या गावातला कोणी दीड महिन्यात बैलबंडीवर चढला म्हणून आपणही चढावे, असे नाही.

दिवाळीनंतर लगेच शस्त्रक्रिया करून तुरीच्या फुलोऱ्यातली फवारणी सहायकाकडून करून घेऊ, असा बेत काहीजण आखतात. सहायकाकडे स्वतःचे रिमोट पायलट सर्टिफिकेट असेल तरच तो बेत आखावा. ड्रोन हाताळता येतो आणि ड्रोन उडवण्याची पात्रता आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले सहा आठवडे: घरचे काम

या काळात वावरात जाऊ नये, बघायलासुद्धा जाऊ नये. गेले की हात लावावासा वाटतो. व्यायाम मात्र एक दिवसही चुकवू नये, कारण गुडघा वाकण्याची मर्यादा या आठवड्यांतच ठरते. खुर्चीवर बसायला सुमारे ९० अंश पुरतात, बदललेले बहुतेक गुडघे ११० ते १२० अंशांपर्यंत जातात, आणि उकिडवे बसायला त्याहून बरेच अधिक लागतात. म्हणजे उकिडवे बसून बॅटरी बदलण्याची जुनी पद्धत आता कायमची सोडायची आहे, हे मनाशी आत्ताच पक्के करावे.

गोळ्यांकडे लक्ष द्यावे. ट्रॅमाडॉल किंवा प्रीगाबालिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी झोप आणि गरगरल्यासारखे होऊ शकते. त्या चालू आहेत तोवर रिमोट हातात घेऊ नये. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या साधारण दोन ते पाच आठवडे चालतात, आणि त्या काळात ड्रोनच्या पात्याने हात कापला तर रक्त लवकर थांबत नाही. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणे, चालताना सांधा टकटक वाजणे आणि गुडघा काही महिने कोमट लागणे हे बहुधा काळजीचे नसते. जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली पसरणे आणि ताप येणे हे मात्र काळजीचेच असते.

हाताला काम हवे असेल तर सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकली ड्रोनवर, सराव करावा. अंगठे विसरत नाहीत असे आपण म्हणतो, पण ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळलेले असताना डावे-उजवे उलटे होते, ती सवय काही आठवड्यांतच मोडते. दिवसातून वीस मिनिटे, पाय उंच ठेवून बसल्या बसल्या सराव होतो.

बॅटऱ्यांची व्यवस्थाही याच काळात लावावी, किंबहुना रुग्णालयात जाण्याआधीच लावलेली बरी. लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली की फुगते. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीत नव्हे तर घरातल्या थंड जागी ती ठेवायला सांगावे. टाकी, नळ्या आणि नोझल साध्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या असाव्यात. वाळलेल्या औषधाने तुंबलेले नोझल जुलैत वावरातच कळते. ड्रोनचा तृतीय पक्ष विमा याच महिन्यांत संपत असेल तर अंथरुणावरून मोबाइलवर नूतनीकरण करता येते.

काठी सुटली की नाही, हीच पहिली कसोटी

रिमोट दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्यामुळे काठीसाठी तिसरा हात उरत नाही. यावरून एक सरळ नियम निघतो: ज्या जमिनीवर काठी लागते, त्या जमिनीवर उड्डाण करू नये. अंगणात काठीशिवाय चालता येते पण नांगरलेल्या वावरात येत नाही, असा टप्पा बहुतेकांना येतो आणि तो बरेच आठवडे टिकतो. त्या टप्प्यावर वावराच्या कडेच्या पक्क्या रस्त्यावरून उडवता येईल, धुऱ्यावरून नाही.

घरी करून पाहण्याच्या चाचण्या अशा आहेत. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठावे. भिंतीजवळ उभे राहून बदललेल्या पायावर दहा सेकंद तोल सांभाळावा. मग रिमोट बंद ठेवून पट्ट्याने गळ्यात अडकवावा, दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर, म्हणजे स्टिकवर, ठेवावेत, नजर समोरच्या झाडाच्या शेंड्यावर लावावी आणि तशाच स्थितीत पाच पावले मागे व पाच पावले बाजूला सरकावे. घरचे कोणीतरी मागे उभे असावे. ही तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ड्रोन भरकटून अंगावर येऊ लागला तर नेमके हेच करावे लागते. पहिल्या दोन जमल्या आणि तिसरीत अंगठे स्टिकवरून निसटले किंवा नजर पायांकडे गेली, तर आणखी दोन आठवडे थांबावे. फिजिओथेरपिस्टकडे जात असाल तर त्यांना ही चाचणी दाखवून त्यासाठीचा व्यायाम मागावा. मागे चालण्याचा सराव ते करून घेतात.

पहिले उड्डाण: साधे पाणी आणि कोरडी जमीन

जानेवारी-फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिल्या उड्डाणाची वेळ एप्रिलअखेरीस किंवा मे महिन्यात येते. तेव्हा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून सकाळी आठच्या आत आटोपावे. ऊन तुमच्या सुजऱ्या पायाला सोसत नाही आणि बॅटरीलाही सोसत नाही. उतरवलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

वावरापर्यंत चारचाकीने जावे आणि पुढच्या सीटवर, सीट मागे सारून बसावे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाणे बंद करावे. दुचाकी डॉक्टर सांगतील तेव्हा. तीही आधी रिकामी चालवून पाहावी, कारण पांदणीतल्या चाकोरीत गाडी कलली की तिचे सगळे वजन टेकलेल्या पायावर येते आणि तो पाय नेमका बदललेला असू शकतो.

मांडणी अशी करावी. वावराच्या कडेला एक बंडी किंवा कमरेइतक्या उंचीचे टेबल असावे आणि त्यावर बॅटऱ्या, रिमोट, पाण्याचा डबा, वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र असे सगळे सामान ठेवावे, म्हणजे वाकावे लागत नाही. ड्रोनसाठी थोड्या अंतरावर सपाट जागी ताडपत्री अंथरून तिच्या कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. ‘ड्रोनच बंडीवर उतरवा, म्हणजे वाकायलाच नको,’ असा सल्ला कोणीतरी देतेच. तो ऐकू नये. बंडीची फळी अरुंद असते, उतरताना पात्यांचा वारा उलटून येतो, आणि चुकले तर यंत्र तुमच्या छातीच्या उंचीवर कलंडते. ड्रोन जमिनीवरच उतरवावा आणि खाली वाकण्याचे काम सहायकाला द्यावे.

सहायकाने पाती पूर्ण थांबल्यावरच जवळ जावे, रिकामी बॅटरी काढून बंडीवर आणावी, तुम्ही ती उभ्या उभ्या तपासून भरलेली बॅटरी त्याच्या हाती द्यावी, त्याने ती बसवून खटका लागल्याचे मोठ्याने सांगावे आणि मागे सरावे. पहिल्या काही वेळा हे संथ वाटते. आठवडाभरात हात बसतो आणि पूर्वी एकटे करत होता त्याहून कमी वेळ लागतो. महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देणाऱ्या नमो ड्रोन दीदी योजनेतही पायलट म्हणून एका महिलेला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण आणि सोबतीला दुसरी व्यक्ती सहायक म्हणून तयार करणे, अशीच रचना आहे; म्हणजे हे काम दोघांचे आहे, असे मुळातच धरलेले आहे. गुडघा बदलण्यापूर्वी आपण ते एकट्याने ओढत होतो, एवढेच.

कंपास कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे ड्रोनचे होकायंत्र जुळवून घेण्याबद्दल, एक शंका नेहमी विचारली जाते: गुडघ्यातल्या धातूने ड्रोनचे होकायंत्र बिघडेल का? कृत्रिम सांध्यात कोबाल्ट-क्रोमियम किंवा टायटॅनियमचे मिश्रधातू असतात, ते लोखंडासारखे चुंबकाकडे ओढले जात नाहीत, आणि ड्रोन तुमच्यापासून दूर असतो. त्यामुळे ती चिंता नको. खरी अडचण दुसरीच आहे. कॅलिब्रेशनसाठी यंत्र उचलून स्वतःभोवती गोल फिरावे लागते, आणि हातात वजन घेऊन पाय रोवून वळणे, हा बदललेल्या गुडघ्याला पडणारा सर्वांत वाईट पीळ आहे. हे काम दोन धडधाकट माणसांनी करावे आणि तुम्ही रिमोटच्या पडद्यावर लक्ष ठेवावे.

टाकीत औषध न घालता साधे पाणी, तेही अर्धी टाकीच भरावी. पहिल्या दिवशी तीन-चार फेऱ्या पुरेत. उड्डाण चालू असताना उभेच राहावे; खुर्ची असावी, पण ती दोन उड्डाणांच्या मध्ये बसण्यासाठी. चालू उड्डाणात बसलेल्या माणसाला वेळेवर उठता येत नाही. आणि ड्रोन हवेत असताना पाय हलवू नयेत. जागा बदलायची असेल तर ड्रोन उतरवावा, चालत जावे, नव्या जागी पाय रोवावेत, मग पुन्हा उडवावा. वावराच्या हद्दी नोंदवण्यासाठी धुऱ्याने पूर्ण फेरी मारावी लागते, ती सहायकाने मारावी.

पहिल्या उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कोणत्या झोनमध्ये ड्रोन उडवता येतो हे दाखवणारा नकाशाही पुन्हा पाहावा. तुम्ही घरी असताना झोन बदललेला असू शकतो. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली आहेत. अशा विमानतळाच्या परिसरातल्या गावांनी ‘मागच्या हंगामात तर उडवला होता’ यावर विसंबू नये.

काळी माती

फिजिओथेरपीच्या खोलीत फरशी असते आणि आपल्याकडे काळी कसदार माती आहे, हा फरक कोणत्याही रुग्णालयाच्या सूचनापत्रकात सापडणार नाही. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. काठीचे टोक त्यात शिरते आणि अंगाचा झोक पुढे जातो. तीन-चार पायांची काठी तर अशा जमिनीवर निरुपयोगीच, कारण एक पाय भेगेत आणि दुसरा ढेकळावर येतो. पाऊस पडला की हीच माती चिकटते, दहा पावलांत प्रत्येक बुटाखाली किलो-दीड किलोचा थर होतो, पाय उचलायला जड जातो, आणि पुढचे पाऊल टाकताना मागचा पाय चिखलात अडकून गुडघ्याला पीळ बसतो. पडण्याचे बहुतेक प्रसंग असेच येतात.

उपाय साधे आहेत. जोराचा पाऊस झाल्यावर वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, वावरात पाय ठेवू नये, मग कास्तकार कितीही घाई करो. ‘अळी थांबत नाही’ हे त्याचे म्हणणे खरे असले तरी आधी कडेच्या रस्त्यावरून जेवढे होईल तेवढे करून द्यावे. बूट घोट्याला धरून ठेवणारे आणि खाचा असलेले असावेत. सैल गमबूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. बुटाची माती खरडायला विळा किंवा लाकडी पट्टी जवळ ठेवावी आणि ते काम उभ्याने, बंडीला धरून करावे.

तुरीची कापणी झालेल्या वावरात आणखी एक धोका असतो. तुराट्यांचे खुंट तिरपे आणि अणकुचीदार राहतात, पऱ्हाटीचेही तसेच. पायात काटा किंवा खुंट शिरून पिकला तर त्यातले जंतू रक्तावाटे कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचू शकतात, आणि हे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही घडू शकते. पूर्वी आपण सुईने काटा काढून हळद लावत होतो आणि विसरून जात होतो. आता पाय लाल झाला, ठणकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि ‘माझा गुडघा बदललेला आहे’ हे आपणहून सांगावे.

औषध आणि बदललेला पाय

पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी जाते, ड्रोनने दहा लिटरच्या आसपास. म्हणजे टाकीतले द्रावण कितीतरी पट तीव्र असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. ड्रोनमुळे माणूस औषधापासून दूर राहतो हे खरे, पण तो दूर सरकू शकतो, असे त्यात गृहीत आहे. वारा फिरला की धडधाकट पायलट सहज चार पावले बाजूला होतो. तुम्हाला ते जमेलच असे नाही. म्हणून उभे राहण्याची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि नेहमीपेक्षा अधिक अंतरावर निवडावी, आणि वाऱ्याची दिशा सारखी बदलत असेल त्या दिवशी काम घेऊ नये.

जखम पूर्ण भरून खपली पडेपर्यंत औषधाच्या जवळही जाऊ नये. गुडघ्याला लवचिक पट्टा किंवा नी-कॅप घालून फवारणीला जाण्याची सवय बऱ्याच जणांना असते. तो पट्टा औषध शोषून घेतो आणि तासन् तास कातडीला लावून ठेवतो. घालायचाच असेल तर संरक्षक पायजम्याच्या आत घालावा आणि घरी येताच धुवावा. काठीची मूठही साबणाने धुवावी. हातमोजे काढल्यावर त्याच काठीला धरून आपण घरात येतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिला हंगाम किती ओढावा

नमो ड्रोन दीदी योजनेतल्या संचासोबत मिळणाऱ्या जादा बॅटऱ्यांवर दिवसाला वीस एकरांपर्यंत फवारणी होऊ शकते, असा हिशेब सांगितला जातो. तो यंत्राचा आहे. पहिल्या पंधरवड्यात एका सकाळी तीन-चार एकर आणि एक दिवसाआड, एवढेच काम घ्यावे. नंतर किती वाढवायचे हे पायच सांगतो: संध्याकाळी गुडघा सुजला आणि रात्री पाय उंच ठेवून, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा-वीस मिनिटे शेकून सकाळपर्यंत सूज उतरली, तर तेवढे काम झेपते. सकाळीही सूज तशीच असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी आणि पुढच्या खेपेला एकर कमी करावेत. दुखणे दाबायला गोळी घेऊन काम रेटणे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे; गोळीने पायाची तक्रार ऐकू येत नाही, आणि गुंगी आणणारी असेल तर हातही मंदावतो.

हंगामाच्या आधी कास्तकारांना हे स्पष्ट सांगून ठेवावे. बोंडअळीच्या दिवसांत रोज सकाळी चार जण दारात उभे राहतात आणि नाही म्हणणे जड जाते. जूनमध्येच ‘यंदा मी दिवसाला इतकेच एकर घेणार’ म्हटलेले असले की कोणी मनाला लावून घेत नाही. गावात दुसरा ड्रोनवाला असेल तर उरलेले काम त्याला सांगावे. पुढच्या वर्षी तोही तुम्हाला सांगेल.

खुबा किंवा खांदा बदलला असेल तर

खुब्याची काळजी वेगळी आहे. तेथे पहिल्या तीनेक महिन्यांत सांधा निसटण्याची भीती असते, म्हणून कंबरेतून ९० अंशांपलीकडे वाकणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आत वळवणे टाळायला सांगतात. कोणत्या हालचाली किती दिवस टाळायच्या हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर ठरते, ते आपल्या डॉक्टरांकडून घ्यावे. वावरातली बुटकी प्लास्टिकची खुर्ची, जमिनीवर पडलेले नोझल उचलणे आणि नालीवरून उडी मारणे या तिन्ही गोष्टींत नेमक्या त्याच हालचाली होतात. चालण्यात खुबेवाले गुडघेवाल्यांपेक्षा लवकर सुटसुटीत होतात, आणि त्याच भरात वाकून बसतात.

खांदा बदललेल्यांना पाय मोकळे असतात पण हात साधारण सहा आठवडे झोळीत असतो. त्यानंतर रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर, कोपरे अंगाला टेकवून धरला तर अंगठ्यांना अडचण येत नाही. ड्रोन उचलणे, त्याच्या घड्या पडणाऱ्या भुजा झटक्याने उघडणे आणि चार्जिंगसाठी नेलेल्या जनरेटरची दोरी ओढणे ही कामे मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुसऱ्याने करावीत. त्यातली जनरेटरची दोरी सर्वांत वाईट, कारण ती पहिल्या ओढीत कधीच सुरू होत नाही.

दुसराही गुडघा झिजलेला असणे आपल्याकडे नेहमीचे आहे. दोन्हींच्या शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करायच्या ठरल्या असतील तर दुसरीची तारीखही तूर-हरभऱ्यानंतरचीच धरावी, मधला हंगाम अर्ध्या एकरांवर काढावा, आणि सहायकाला त्या वर्षातच प्रशिक्षणाला पाठवून त्याचे स्वतःचे सर्टिफिकेट करून घ्यावे.